अकरा एकडे

अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. थोरल्या भावाने ही संख्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीत भिंतीवर कोळशाने लिहिली होती. वाचताना जिभेवर अकराच अकरा येतं, पण अकराने भागून बघा, बाकी एक उरते. दिवाळीला भिंतीला चुना दिला, तरी आठवड्याभरात एकडे पुन्हा वर यायचे, मान वाकवून रांगेत उभ्या माणसांसारखे.

दादा शाळेत गणित शिकवायचा. वहिनी लग्नानंतर वर्षभरात गेली, तेव्हापासून तो या संख्येच्या मागे लागला. आईने कुर्डुवाडीची मुलगी काढली. बघायला मीही गेलो होतो. परत आल्यावर दादा भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "या संख्येला भाजक सापडला तर बोहल्यावर उभा राहीन. नाही तर मला एकटं राहू द्या."

"मग तिच्याशीच लाव की लगीन," आई म्हणाली. "रुसायची न्हाय, माहेरी जायची न्हाय. लई गुणाची!"

देवाला फुलं चिकटवून कौल लावतात, उजवं पडलं की होकार. दादाने संख्येला कौल लावला होता.

भाजक मूळ संख्या असेल, तर त्यातून एक वजा केल्यावर बाविसाने भाग जायलाच हवा, हे त्याने स्वतः शोधलं होतं. तरी तपासायला हजारभर उरल्या. निम्म्या माझ्या वाट्याला आल्या. पाटीवर भागाकार करायचा, वहीत फक्त बाकी लिहायची.

उन्हाळ्याचे दिवस, दादा शाळेत गेलेला. भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, मी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भागलं. बाकी शून्य. पुन्हा केलं. शून्य. खोलीत मी एकटाच होतो, पण भिंतीकडे मान वळवायचा धीर होईना. अकराही जणांनी माना वर केल्या आहेत, असं वाटत होतं.

आता सांगतो. ती मुलगी मला आवडली होती. पोह्यांची बशी देताना तिने माझ्याकडे बघून हसू दाबलं होतं, एवढंच. वहीत मनाला येईल ती बाकी लिहिली, बावीस हजार तीन, आणि पाटी पुसली.

यादी संपली. दादाने वही चाळली आणि आईला म्हणाला, "नाही."

वर्षाने त्याच मुलीशी माझं लग्न झालं. बारा वर्षं ती दादाला त्याच घरात जेवायला वाढते आहे. अधूनमधून मला विचारायची, "माझ्यात काय खोट दिसली होती हो यांना?" मी म्हणायचो, "भाजकच सापडला नाही."

गेल्या महिन्यात राहवेना. दादासमोर बसून सगळं सांगितलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "भाजकापेक्षा बाकी मोठी लिहिलीस. असं कधी असतं का रे? वही बघितली तेव्हाच मी तो भागाकार करून पाहिला."

"मग बोलला का नाहीस?"

"मला नकोच होतं लग्न. नाही म्हणायला कारण हवं होतं, ते तू दिलंस." मग त्याने विचारलं, "तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलास?" आणि त्यानेच तिला हाक मारली.

ती हात पुसत आली. मी सांगितलं. तिने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

त्या दिवसापासून तिने तो प्रश्न विचारलेला नाही. दुसराही कुठला विचारत नाही.