सुकरीच्या पत्रावळी

पटाच्या पत्रावळी सुकरीच्याच, हे आमच्या गावात ठरलेलं होतं. सुकरी जंगलाकडच्या टोल्यावरची, त्या छोट्या वस्तीतली गोंडाची बाई. चाळिशीची, काटक, बोलायला महाग. वडशाहून चार कोसांवर आमचं गाव. धान निघालं की मोकळ्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, तीन दिवस शंकरपट भरायचा. पंचवीस गावांच्या बैलजोड्या धावायच्या, दोन हजार माणूस जेवायचं. सुकरी पळसाची पानं बांबूच्या बारीक काड्यांनी टाचून पत्रावळी आणायची. मग उष्ट्या पत्रावळी, शेण, धानाचं तुडवलेलं तणस, सगळं टोपल्याने आपल्या खताच्या खड्ड्यात न्यायची. त्या खतावर तिची एवढीशी बांधी पिकायची, मोबदला तोच. आम्ही खाऊन मागे फेकायचो, ती वेचायची. यात काही चुकतंय असं आम्हा शहाण्यांना कधी वाटलं नाही.

तिचा नेम एकच. पत्रावळ जमिनीवर पडून राहू द्यायची नाही. मिठाच्या वासाने बैल ती खातात, आणि काडी पोटात गेली की बैल हातचा जातो.

सत्तावन्न सालच्या पटात तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी दुपारची पंगत उठली आणि ती आंब्याखाली पडून राहिली. पत्रावळी तशाच. तासाभरात दादाजींचा ढवळ्या तडफडू लागला. दादाजी गावातले मोठे शेतकरी, आणि त्याच सकाळी ढवळ्याच्या जोडीने सगळ्यांना मागे टाकलं होतं. आता त्याची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली होती.

मी पटाचा पंच. निकाल द्यायची खोडच जडलेली. "सुकरीची काडी गेली पोटात," मी बोलून मोकळा झालो. न पाहता, न विचारता. आजही लाज वाटते. लोकांनी माझीच री ओढली. दादाजी आंब्याखाली जाऊन ओरडले, "माहा बैल मेला तं पुढच्या साली तुही एक पत्रावळ इथी येनार नाई!"

सुकरीचा चेहरा उतरला. तिलाही तेच वाटत होतं, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. पत्रावळी गेल्या म्हणजे खत गेलं, आणि बांधीही गेली. ती धडपडत उठली, बैलापाशी आली. त्याच्या तोंडातून लाळेची धार लागली होती. ती बघत राहिली.

"काडी पोटात हाय तं लाळ काऊन गळून राह्यली?" ती म्हणाली. "याच्या गळ्यात काईतरी अडकलं. धरा याले."

चौघांनी शिंगं धरली, मी जबड्यात आडवं लाकूड घातलं. सुकरीने कोपरापर्यंत हात आत घातला. दादाजींनी डोळे मिटले. हात बाहेर आला तो लांबच लांब फडकं ओढत. गुलालाने माखलेला, घामाने खारट झालेला दुपट्टा! सकाळी मीच तो मानाचा म्हणून दादाजींच्या गळ्यात घातला होता. जेवताना आड येतो म्हणून त्यांनी तो काढला आणि उठताना पत्रावळीबरोबर मागे टाकला होता.

ढवळ्याने असा ढेकर दिला की जेवण हाणणारे पैलवानही लाजले असते. सगळे हसत सुटले. दादाजी बैलाच्या गळ्यात पडून रडले. माझा तर जीव भांड्यात पडला, बैलासाठी आणि त्याहून जास्त सुकरीसाठी.

"माहं चुकलं, सुकरी," दादाजी डोळे पुसत म्हणाले. "पत्रावळी तुह्याच राह्यतीन."

"राह्यतीन," ती म्हणाली. "पन आता मी वेचनार नाई, भाऊ. ज्याची त्यानं खड्ड्यात नेऊन टाकाची."

मग दादाजी वाकले, आपली उष्टी पत्रावळ उचलली आणि खड्ड्याकडे चालू लागले. मागोमाग सगळी पंगत वाकली. मीही माझी शोधू लागलो. कुठे फेकली होती, काही केल्या आठवेना. शेवटी दिसतील त्या दहा उचलल्या.