जामीन माफ करा, साहेब!

किस्से गोळा करायला मी कुठे गेले नव्हते. कोर्टात तारखेवर तारीख पडत गेली की ते आपोआप साठतात, तांदळात किडे होतात तसे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. वाचायला शिकले ते नोटिसांवर.

एकोणीसशे सत्तरच्या पुढची सालं. नवरा गेला, मागं दोन लहान पोरं आणि शिरोलीतली लेथ मशीनची शेड. वारसाचं सर्टिफिकेट मागायला गेले, तर म्हणे आधी जामीनदार आणा. म्हणजे मी इतर वारसांचा हिस्सा गिळणार नाही अशी हमी देणारा, मिळकतवाला माणूस! बाकीच्या वारसांची हरकत नसेल तर जामीन माफ होई. माझ्याखेरीज सज्ञान वारस एकच, सासू. तिला दिरानं शाहूवाडीला नेऊन ठेवलेलं.

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर आम्ही तिघी विधवा: मी, हसीनाबी आणि कर्नाटक सीमेकडच्या शांताक्का.

*

हसीनाबीचा नवरा पत्र्याच्या पेट्या करायचा. दुकानासाठी तिचा अर्ज. क्लार्क म्हणाला, "सगळे वारस हजर पाहिजेत."

"एक पाळण्यात हाय, साहेब."

"त्यालाबी आणा. नियम म्हंजे नियम!"

आणलं. पोरानं टेबलावरच फाईल भिजवली.

हसीनाबी म्हणाली, "घ्या, झाली त्याची सही!"

*

शांताक्कांचं माहेरचं नाव गौरव्वा. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात 'शांता' लिहिलं आणि गौरव्वा संपली. पण जुन्या कागदांवर ती होतीच.

"ह्या दोन बायका एकच कशावरनं?" क्लार्कनं विचारलं.

"नावं दोन असली तरी मार एकीनंच खाल्लाय," अक्का म्हणाल्या. "लिवा की!"

त्यानं लिहिलं नाही. ॲफिडेव्हिट मागितलं.

*

मग आम्ही ठरवलं, एकमेकींना जामीन राहायचं.

क्लार्क हसला. "तुमच्या नावावर हाय काय?"

"ते व्हावं म्हणूनच आलोय न्हवं!"

"मग आधी नावावर करून घ्या, मंग जामीन ऱ्हावा!"

लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. शहाणी माणसं अशा गोष्टींना प्रोसिजर म्हणतात.

*

दीर एकदा घरी आला, गोड होऊन. "वहिनी, घरातल्या घरात कोर्ट कशाला? ह्या कागदावर अंगठा द्या. सगळी कटकट माफ!"

कागद मी मोठ्यानं वाचला. शेड त्याच्या नावावर!

"भावजी, अंगठा मागायला उशीर केलासा. मी आता सही करते. अन् ह्याच्यावर ती बी करणार न्हाय!"

चहा तसाच ठेवून गेला.

*

शेवटच्या तारखेला दिरानं सासूला जीपमधनं आणलं. आम्ही नवरा-बायकोनं वेगळं बिऱ्हाड केलं म्हणून म्हातारी बारा वर्षं माझ्याशी बोललेली नव्हती. जामीनदार मला मिळालेला नव्हताच. ती "माफ नको" म्हणाली, की अर्ज फेटाळला आणि शेड गेली.

व्हरांड्यातसुद्धा दीर तिच्या कानाशी होता. "आई, येवढंच म्हण, जामीन पायजे."

हसीनाबीनं माझा हात घट्ट धरला.

जज्जसाहेबांनी विचारलं, "आजी, सुनेचा जामीन माफ करायला तुमची हरकत आहे?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"जामीन पायजे, साहेब."

दीर हसला. म्हातारीनं पदर सावरला आणि त्याच्याकडं बोट केलं.

"पर हिच्याकडनं नगं. ह्येच्याकडनं घ्या!"