कानवाल्या बाईंचा दुसरा चॅनल

माझी आत्या ॲम्प्लिफायर दुरुस्त करते. चौतीस वर्षं करते. तिच्या दुकानाला पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. सगळे "कानवाल्या बाईंकडे टाका" असंच म्हणतात. दुरुस्ती झाली की ती हेडफोन चढवते, डोळे मिटते आणि डावी-उजवी बाजू सारखी ऐकू येईपर्यंत आतले दोन बारीक स्क्रू फिरवत बसते. बिघाड शोधायला मीटर चालतो, पण शेवटचा शब्द कानाचा. त्या वेळी कुणी खोकलंच, तर आत्या अशी बघते की खोकला जागच्या जागी बरा होतो.

तिची दुसरी खोड काळ्या चिकटपट्टीची. एकदा बरोबर लावलेली गोष्ट पुन्हा हलता कामा नये, म्हणून दिसेल त्या बटणावर ती पट्टी मारते. घरातला पंखा गेली सहा वर्षं तीनवर आहे. थंडीतही.

गाण्याचे मास्तर त्यांचा ॲम्प्लिफायर दुसऱ्यांदा परत घेऊन आले, तेव्हा मी दुकानातच होते. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. दुपारी तो बंद असतो, म्हणून मी आत्याकडे चहाला जाते.

"बाई, उजवी बाजू अजून अंगावर येते हो," मास्तर म्हणाले. "वीस वर्षं दुसऱ्या कुणाकडे गेलो नाही. पण शुक्रवारी न्यायला येईन तेव्हाही असंच असेल, तर मला दुसरीकडे बघावं लागेल. राग मानू नका."

आत्याने राग गिळला आणि मास्तर पायऱ्या उतरताच बाहेर काढला. "कान त्यांचाच गेलाय! लावलेलं मी तीन-तीनदा ऐकलंय. थांब, पडद्यावरच दाखवते त्यांना."

एका माणसासाठी एवढं काय पेटायचं, असं मला वाटलं. पण मास्तर गावभर शिकवायला जातात. "कानवाल्या बाईंना आता जमत नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदा निघालं असतं, तर दुकानात काय उरलं असतं? आत्याला हे माझ्याआधी कळलं होतं.

बुधवारी तिने मागवलेलं खोकं आलं. आत शिकाऊ लोकांसाठीचा छोटा ऑसिलोस्कोप होता. विजेची लहर पडद्यावर काढून दाखवणारं यंत्र. त्याला दोन चॅनल, म्हणजे एकाच वेळी दोन लहरी शेजारीशेजारी बघता येतात. प्रत्येक चॅनलला एक वायर, तिच्या टोकाला पेनासारखा प्रोब. आत्याने मला तिच्या डाव्या हाताच्या स्टुलावर बसवलं. हल्ली तिथेच बसवते. उजवीकडे तापलेली सोल्डरिंग गन असते म्हणे.

यंत्राच्या तोंडावर पत्र्याची एक छोटी जीभ होती. यंत्राने स्वतःला तपासून घ्यावं म्हणून तिथे कायम तीन व्होल्टची चौकोनी लहर असते. आत्याने दोन्ही प्रोब तिथेच अडकवले. पहिल्या चॅनलची पिवळी लहर तीन व्होल्ट दाखवू लागली. दुसऱ्याची निळी मात्र शून्य पूर्णांक तीन दशांश. एकाच जिभेवर, एकाच वेळी!

"परत पाठव," मी म्हटलं. "नवीन वस्तू आणि पहिल्याच दिवशी खोटं बोलते."

"खोटं बोलतंय की आपण चुकीचं विचारतोय, ते आधी बघू." तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. नवं कोडं मिळालं की आत्या दहा वर्षांनी लहान होते.

तिने यंत्र अर्धा तास तापू दिलं. प्रोब काढून यंत्राला स्वतःचं शून्य शोधायला लावलं. दोन्ही रेषा नीट शून्यावर बसल्या. अर्थिंगच्या तारेच्या क्लिपा तपासल्या, घट्ट होत्या. दोन्ही चॅनलच्या सेटिंग अक्षर न् अक्षर जुळवल्या. निळी ढिम्म.

"आता अदलाबदल," ती म्हणाली. "दोष कुणाबरोबर जातो ते बघायचं."

तिने दोन्ही प्रोब आपसांत बदलले. आता निळी लहर तीनवर गेली आणि पिवळी आडवी झाली. म्हणजे चॅनल निर्दोष होते. दोष प्रोबबरोबर गेला होता.

मी तो प्रोब उचलला. त्याच्या मानेवर काळी पट्टी होती. अर्थात! खोकं उघडल्याबरोबर आत्याने सवयीने दोन्ही प्रोबवर पट्टी मारली होती. मी ती सोलली. खाली एक चिमुकलं बटण होतं, एक आणि दहा असे दोन आकडे असलेलं. आत्या पट्टी ताणून मारत असताना ते दहाकडे सरकलं होतं, त्यामुळे प्रोब सगळं एक दशांश करून पाठवत होता.

आत्या पोट धरून हसली. "माझ्याच पट्टीने माझे डोळे बांधले ग!"

बटण एकवर आणलं. दोन्ही लहरी तीनवर, जुळ्या बहिणींसारख्या. मग तिने मास्तरांचा ॲम्प्लिफायर जोडला, दोन्ही बाजूंना एकच सूर दिला आणि माझ्याकडे विजयाने बघितलं.

उजवी लहर डावीच्या दीडपट होती.

आत्याने पुन्हा प्रोब बदलले. तरी उजवीच दीडपट राहिली. या वेळी यंत्र खरं बोलत होतं. तिने आतले स्क्रू फिरवून दोन्ही लहरी पडद्यावर सारख्या केल्या, हेडफोन चढवला, डोळे मिटले.

"उजवी बारीक येतेय," ती म्हणाली. मग डोळे उघडले आणि हेडफोन काढून उलटा घातला, डावा उजवीकडे.

मला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. दोष हेडफोनचा असता, तर आता डावी बारीक यायला हवी होती.

"अजून उजवीकडेच," ती हळूच म्हणाली. दोष हेडफोनबरोबर गेलाच नव्हता. तो जिथल्या तिथे बसून होता, आणि ते स्टूलही वर्षभर उगाच डावीकडे नव्हतं. मला रडू आलं. आत्या रडली नाही. तिने फोन डाव्या कानाला लावला.

"मास्तर, बिघाड सापडला. तुमच्या मशीनमध्ये नव्हता, माझ्या उजव्या कानात आहे. आता मी बघून लावलंय. उद्याच या, आणि तुम्ही ऐकून सांगा."

गुरुवारी मास्तर आले. हेडफोन लावून, डोळे मिटून बराच वेळ बसले. मग तिच्या उजव्या बाजूला उभे राहत काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं, पण मी मुद्दाम गप्प बसले.

"काय म्हणालात?" आत्याने विचारलं. चौतीस वर्षांत हा प्रश्न तिने त्या दुकानात कुणालाच विचारला नव्हता. "या बाजूने सांगा."

मास्तर टेबलाला वळसा घालून डावीकडे आले आणि म्हणाले, "बरोबर लागलंय, बाई."