जानेवारीतली कासवं

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत आम्ही राहायचो, त्या अपार्टमेंटच्या मागे एक ओलं कुरण होतं. नागपूरला बॉटनीत एम.एस्सी. करून, लग्न होऊन मी तिथे आलेली. नवरा सकाळच्या ट्रेनने ऑफिसला गेला की मी गमबूट चढवून त्या चिखलात हिंडायचे. एकदा मे महिन्यात लव्हाळ्याच्या झुबक्यावर एक कासव ऊन खात बसलेलं दिसलं. तळहातापेक्षा लहान, काळपट, मानेच्या दोन्ही बाजूंना ठळक नारिंगी डाग. लायब्ररीतलं पुस्तक सांगत होतं, हे कासव नामशेष होत चाललंय, राज्यात त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्या महिन्यात मला आणखी तीन दिसली.

पुढे मला एका छोट्या कन्सल्टिंग ऑफिसात नोकरी लागली. बांधकामाआधी जमिनीवर काय झाडंझुडपं, प्राणी आहेत ते पाहायचं आणि रिपोर्ट लिहायचा. दुसऱ्याच हिवाळ्यात एका बिल्डरचं काम आलं. नकाशा उलगडला तर आमच्या मागचंच कुरण! तिथे टाउनहाउसेस, म्हणजे एकाला एक जोडून बांधलेली घरं, होणार होती.

साहेबांनी मला तिकडे पाठवलं, तेही जानेवारीत. बुटाखाली बर्फ कडकड वाजत होता. परत येऊन मी म्हटलं, "कासवं आत्ता चिखलाखाली झोपलेली असतात. मे महिन्यात बघायला हवं."

"आज दिसली का?"

"नाही, पण मी स्वतः..."

"मग आज जे दिसलं तेवढंच लिही," ते हसून म्हणाले आणि डोनटचा बॉक्स माझ्यापुढे सरकवला.

मी लिहिलं. 'आढळली नाहीत.' पण खाली एक परिच्छेद जोडला, की ही पाहणी चुकीच्या ऋतूतली आहे, वसंतात पुन्हा करावी. मग सही केली.

बांधकामाच्या परवानगीसाठी टाउनशिपची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, सुनावणी होती. मी प्रेक्षकांत बसले होते. बिल्डरच्या वकिलाने माझा रिपोर्ट मोठ्याने वाचला. शेवटचा परिच्छेद त्यात नव्हता. सही मात्र होती. माझे कान तापले. मी उठले आणि सगळं सांगितलं. जमीन पाण्याची आहे, कासवं मी स्वतः पाहिलीत, आणि माझा शेवटचा परिच्छेद गाळलाय.

"तुमच्याकडे कासवांचा फोटो आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

नव्हता. तेव्हा आमच्याकडे कॅमेराच नव्हता.

"मॅडम, तुमचं शिक्षण कुठल्या देशात झालं?" वकील म्हणाला. मागे कोणीतरी हसलं. साहेब समोरच्या कागदांत डोकं खुपसून बसले होते.

परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नोकरी गेली. नवरा म्हणाला, "आपण इथे नवीन आहोत यार. चार कासवांसाठी कशाला वैर घ्यायचं?" त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. खरा राग स्वतःवर होता. एम.एस्सी. झालेली बाई मी, बर्फावरून चालून येऊन 'आढळली नाहीत' लिहिलं. ते शब्द माझे होते, साहेबांचे नव्हते. मी राज्याच्या वन्यजीव खात्याला पत्रं लिहिली. उत्तर आलं तोवर बुलडोझरने लव्हाळं उपटून ढीग लावले होते.

दोन वर्षांनी तिथल्याच एका घराच्या वास्तुशांतीला आम्हाला बोलावणं आलं. आमच्या ओळखीतले एक काका, वयाने मोठे, सज्जन माणूस. मला जायचं नव्हतं. नवऱ्याने हट्ट धरला.

पूजा झाली. काका आम्हाला बेसमेंट दाखवायला घेऊन गेले. भिंतीला हातभर उंचीपर्यंत ओल चढलेली, कोपऱ्यात पंप घरघरत होता.

"बघ ना," काका वैतागून म्हणाले, "रोज पाणी येतं. पंप बंदच करता येत नाही. फसवलं आम्हाला बिल्डरने. आधी कोणी सांगायला नको का?"

"काका, मी सांगितलं होतं," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर, उभं राहून. हे पाणी आत्ता आलेलं नाही. ते इथेच होतं, आणि त्यात राहणारेही होते."

काकांना काही कळलं नाही. नवऱ्याने माझा हात दाबला. मी तो सोडवून घेतला, वर आले आणि प्रसादाला न थांबता गाडीत जाऊन बसले.