साडूंचा उलटा आवाज

सिंदेवाही तालुक्यात जी वस्तू हलते, थरथरते, कुरकुरते किंवा खडखडते, ती माझ्या थोरल्या साडूंच्या तावडीतून सुटलेली नाही. आणि त्यांनी हात लावल्यावर ती पूर्वीसारखी राहिलेलीही नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो आणि मेहुणीला बाई. कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये भाऊ फिटर होते. खाणीत हवा सोडणाऱ्या अजस्र पंख्यांच्या शेजारी आयुष्य काढलेला माणूस एकतर बहिरा होतो, नाहीतर शांततेसाठी एखाद्या आश्रमात जाऊन बसतो. भाऊंनी तिसरंच केलं. निवृत्त झाल्यावर सिंदेवाहीला घर बांधलं आणि मागच्या पडवीत आवाज मारण्याचा आणि आवाज जन्माला घालण्याचा कारखाना थाटला.

त्यांच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण लांब दांड्याचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, असतोच. त्याचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. वरोऱ्याला आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा पाण्याचा पेला तसाच ठेवून ते आधी फ्रिजपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ ऐकून म्हणाले, "साडभाऊ, याचा एक पाय आखूड हाय. बिचारा कण्हून राह्यला अन् तुमी त्यातलं थंड पाणी पिऊन राह्यले." मग पुठ्ठ्याची घडी पायाखाली सरकवली आणि कण्हणं थांबलं. इतकं थांबलं, की फ्रिज बंद पडला असं समजून माझ्या बायकोनं त्या दिवशी दूध दोनदा तापवलं. माझ्या मेहुण्याच्या लग्नाला वऱ्हाडाच्या गाडीतही भाऊंनी ड्रायव्हरजवळच्या पत्र्याला पेचकस लावला होता. "पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग रडून राह्यलं," ते म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, तुमी मागं जाऊन बसा, थांबते ते रडाचं." दोन गावं पुढे चाक जाम झालं. मुहूर्त टळत होता, नवरदेव घामानं भिजला होता, आणि भाऊ एकटे रस्त्याच्या कडेला प्रसन्न उभे होते. 'मी म्हणलो होतो,' एवढंच वाक्य ते प्रत्येक वऱ्हाड्याला स्वतंत्रपणे सांगून आले.

आमच्याकडचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही, आणि भाऊंना कूलरचा आवाज सोसत नाही. त्यांनी आधी कूलरखाली टायरचे तुकडे लावले, मग सायकलच्या ट्यूब लावल्या आणि शेवटी अख्खा कूलर चार स्प्रिंगांवर टांगला. आवाज कमी झाला, पण कूलर पाळण्यासारखा झुलू लागला आणि दर झोक्याला समोरच्या पाहुण्यावर ओंजळभर पाणी पडू लागलं. तेव्हा त्यांनी उलट्या आवाजाची पेटी तयार केली. त्यात एक माइक, एक जुना ॲम्प्लिफायर आणि लग्नमंडपातून निवृत्त झालेला स्पीकर.

"आवाज म्हंजे लाट," त्यांनी मला समजावलं. "कूलरची लाट वर गेली का आपण खाली जाणारी लाट सोडाची. दोघी भेटल्या का झिरो."

"म्हणजे आवाज बंद करायला आणखी एक आवाज करायचा?"

"मंग काय. गप्प बसवाले कोणालेतरी बोलाच लागते ना."

पेटी चालली, यात खोटं नाही. फक्त पलंगाच्या एका कोपऱ्यात बसून, भिंतीवर खडूनं काढलेल्या गोलात डोकं टेकवून, हनुवटी किंचित उजवीकडे वळवली तरच ती चालायची. मी तसा बसलो. पंख्याची घरघर अंगावरून पांघरूण ओढून घ्यावं तशी अलगद निघून गेली. पाण्याची टपटप तेवढी उरली. मी थक्क होऊन मान हलवली आणि तीच घरघर दुप्पट होऊन कानात शिरली. स्वयंपाकघरात तर ती कायमचीच दुप्पट झाली होती. बाई तिथूनच म्हणाल्या, "तिथी झिरो अन् इथी डबल. माह्या डोक्याचं काय करता ते सांगा." भाऊंनी वही काढून गंभीरपणे नोंद केली: 'स्वयंपाकघर. तक्रार योग्य.'

धानाच्या गिरणीचं काम मात्र त्यांनी असं केलं की त्याची तक्रार वेगळ्याच बाजूनं आली. गिरणीच्या धडधडीनं शेजारच्या शाळेत फळ्याखालचे खडू आपोआप चालत जाऊन खाली पडायचे. भाऊंनी इंजिनाखाली काँक्रीटचा मोठा ठोकळा ओतला, ठोकळ्याखाली जाड रबर घातलं, आणि गिरणी मुकी झाली. पण गावाला गिरणी सुरू असल्याचं कळायचं ते त्या धडधडीवरूनच. आता धान घेऊन कोणी येईना. मालक चार दिवस एकटा बसून पाचव्या दिवशी भाऊंकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, थोडासा आवाज परत देता काय?" भाऊंनी गिरणीवर एक भोंगा बसवून दिला. शाळेची तक्रार पुन्हा सुरू झाली.

पण भाऊंचं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे गुरगुऱ्या. ज्याच्या वऱ्हाडाची गाडी अडली होती त्या आमच्या मेहुण्याची शेती जंगलाला लागून आहे. धान लोंबीवर आलं की रानडुकरं येतात आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. भाऊंनी पत्र्याच्या मोठ्या डब्याच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर ताणून बसवलं, मधोमध भोक पाडून त्यातून राळ लावलेली दोरी ओवली आणि ती दोरी ओढायला गाडीच्या वायपरची मोटर लावली. दोरी रबराला घासत गेली की डब्यातून जो वाघाचा आवाज निघे तो ऐकून ते स्वतःसुद्धा एक पाऊल मागे सरकले होते, असं बाई सांगतात.

चाचणी दुपारी चारला होती. मला मुद्दाम वरोऱ्याहून बोलावलं होतं. शेजारच्या बांधावर बाया गवत कापत होत्या, त्यांना काही सांगावं हे भाऊंच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी बटण दाबलं. डब्यातून आधी एक खोल श्वास आल्यासारखा झाला, आणि मग जमिनीतूनच उठल्यासारखी गुरगुर आली. बाया विळे टाकून पळाल्या. मेहुण्याचा बैल दावं तोडून गावाच्या दिशेनं गेला. आणि यंत्र डोळ्यांसमोर दिसत असूनही मी शेतातल्या मचाणावर कधी चढलो ते मला आजही सांगता येत नाही.

"भाऊ, बंद करा," मी वरून म्हणालो.

"बटन आत जाऊन बसलं, बाहेर येऊन नाई राह्यलं," भाऊ खालून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. "पण आवाज कसा वाटला ते सांगा."

बॅटरीची तार उपटेपर्यंत वाघ पाच मिनिटं गुरगुरला. तासाभरात वनरक्षक बाई मोटरसायकलवरून आल्या. त्या बिचाऱ्या बांधाबांधानं वाघाचे पंजे शोधत होत्या आणि भाऊ त्यांच्या मागे मागे, शाबासकीची वाट पाहत. शेवटी त्यांना राहवलं नाही. "मॅडम, पंजे नाई सापडाचे," ते नम्रपणे म्हणाले. "वाघ मीच हाय." वनरक्षक बाईंनी डबा पाहिला, दोरी ओढून पाहिली, दचकल्या, आणि मग त्यांनी भाऊंना असं काही सुनावलं की उलट्या आवाजाच्या पेटीलाही ते शून्य करता आलं नसतं. भाऊंवर त्याचा परिणाम झाला नाही. ते यंत्राची कड घेऊन वाद घालत होते.

परिणाम झाला तो दुसऱ्याच बोलण्याचा. पळालेल्या बायांमधली एक म्हातारी आपला विळा न्यायला परत आली होती. पलीकडच्या जंगलातल्या टोल्यावरची, छोट्या वस्तीतली. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचण्यात तिचा जन्म गेलेला. डब्यापाशी ती उकिडवी बसली, बोटानं रबर दाबून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, जंगलात आमी कानावर जगतो. तुह्या वाघाले आमी दोन दिस भिऊ. तिसऱ्या दिशी हासू. चवथ्या दिशी खरा आला तं?"

 भाऊंनी खिशातून पेचकस काढला, तिच्यासमोरच डबा उघडला, रबर कापलं आणि दोरीची गुंडाळी तिच्या हातात दिली. गवताचा भारा बांधायला तिला ती उपयोगी पडली. त्यानंतर आठवडाभर पडवीतून ठोकण्याचा एकही आवाज आला नाही. बाई मला फोनवर म्हणाल्या, "इतकी शांतता यांच्या कोणत्याच मशीननं केली नोती. मले तं भेवच लागून राह्यलं."

गेल्या वर्षी भाऊंच्या कानाला घरातलाच एक आवाज लागला. सकाळचा चहा आला की कप बशीवर बारीक वाजायचा. भाऊंनी टेबलाचे पाय तपासले, त्यांखाली रबर लावलं, फरशी ठोकून पाहिली, बशी बदलली. कप वाजतच राहिला. मग एका सकाळी त्यांनी चहा आणणाऱ्या हाताकडे पाहिलं. नागपूरच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला तो त्यानंतर महिन्याभरानं.

भाऊ कामाला लागले. बाईंच्या हातात पेन्सिल द्यायची आणि खालून कागद एका चालीनं ओढायचा; कागदावर थरथरीची लाट उमटते. अशा लाटांनी त्यांची एक वही भरली आहे. मग करवतीच्या पात्याची पातळ पट्टी आणि तिच्या टोकाला मासेमारीच्या जाळ्याचं शिसं लावून त्यांनी मनगटावर बांधायचं एक कडं केलं. हात इकडे गेला की शिसं तिकडे जाणार आणि दोघं एकमेकांना थोपवणार. मी गेलो तेव्हा पाचवं कडं बाईंच्या हातात होतं. भाऊ पडवीत गेल्यावर मी हळूच विचारलं, "काही फरक पडतो का, बाई?"

"कायचा फरक," त्या हसल्या. "डॉक्टरच्या गोळीनं पडते तेवढाच. पण हे कागद घेऊन बसले का मी कोपर टेबलाले दाबून ठेवतो. लाट लहान येते. मंग दिवसभर खुशीत राह्यतात."

पडवीत गेलो तर भाऊ सहाव्या कड्याची पट्टी घासत होते. कागद दाखवून म्हणाले, "पाहा, लाट लहान झाली." मग पट्टीवरची नजर न काढता म्हणाले, "कोपर दाबून बसते ते. मले समजत नसन काय? पण ते मन लावून दाबते, तं मी काऊन बोलू?"

तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या. मी उठणार होतो, पण भाऊंनी डोळ्यांनीच मला बसवलं. दारापासून बाकापर्यंत सात-आठ पावलांचं अंतर. पहिल्याच पावलाला कप वाजू लागला. सबंध तालुक्यात कुठलाही ढिला नट ज्यांना सहन होत नाही, ते भाऊ त्या आवाजाकडे वळलेसुद्धा नाहीत. ते मला पात्याच्या पोलादाबद्दल सांगू लागले, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं, आणि बाईंनी कप बाकावर ठेवेपर्यंत सांगतच राहिले.