घाबरट माणसाचं पावटे-गोश्त

"मी घाबरट माणूस आहे, ताई," असं चाचा सांगायचे. सांगताना लाज नाही की हसू नाही. आपण दवाखान्यात रक्तगट सांगतो ना, अगदी त्याच सुरात.

बिबवेवाडीत आमची दारं समोरासमोर होती. मार्केट यार्डाबाहेर त्यांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. ट्रकवर टाकायच्या जाड ताडपत्रीतून सुई आरपार घालणारा हा माणूस घरात पाल दिसली की पाय वर घेऊन सोफ्यावर बसायचा. लिफ्टमध्ये ते एकटे कधी चढले नाहीत. पेरू खायचे तो बिया काढून. मी हसले की म्हणायचे, "हसा. घाबरट माणसाच्या फोटोला हार घालायला लोकांना फार वाट बघावी लागते."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आपण त्याची थट्टा करतो आणि मनातल्या मनात स्वतःला धीट समजतो. मीही तशीच.

सगळ्यात मोठी भीती कुकरची. चाचींनी कुकर लावला की चाचा दार उघडून बाहेर जिन्यात येऊन उभे राहायचे. आतून चाची ओरडायच्या, "अजी, कुकर है, बम नहीं!" चाचा मला म्हणायचे, "बाँब फुटायच्या आधी सांगत नाही. हा शिट्टी मारून सांगतो, एवढाच फरक." घरात दोघं दखनीत बोलायचे, माझ्याशी मात्र चाचांचं मराठी सदाशिव पेठेत वाढल्यासारखं होतं. तिरकसपणासकट.

चाचींना कशाचीच भीती नव्हती. रविवारी त्या पावटे-गोश्त करायच्या. रात्री भिजवलेले पावटे आणि मटण एकाच भांड्यात, वर भाजलेला कांदा आणि खोबऱ्याचं वाटण. माझ्या एकटीच्या घरात त्या दिवशी फक्त भात शिजायचा, कारण समोरून वाडगा येणार हे ठरलेलं. घट्ट रश्शात पावटा असा मऊ झालेला असायचा की जिभेनं दाबला तरी पुरे.

एका दुपारी चाचांनी माझं दार वाजवलं. वाजवलं म्हणजे दोन्ही हातांनी बडवलं. आत चाची स्वयंपाकघराच्या फरशीवर बसल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, हातातला डाव सुटून पडलेला. त्या काहीतरी सांगत होत्या. शब्द मात्र एकही नव्हता.

हॉस्पिटलातून त्या परत आल्या तेव्हा उजवी बाजू लुळी होती. बोलणं गेलं होतं. आणि गिळणं बिघडलं होतं. खाणं पोचवायला नाकातून घातलेली नळी त्यांनी डाव्या हातानं दोनदा उपटली, म्हणून तो हात पलंगाला बांधून ठेवला होता. चाचांनीच हे मला सांगितलं. "बांधलं हो तिला," एवढंच म्हणाले.

गिळण्याचे व्यायाम शिकवायला हॉस्पिटलातली एक मुलगी घरी यायची. तिच्या प्रयत्नांनी नळी निघाली. तिनं नीट समजावलं होतं. खाणं घट्ट आणि गुळगुळीत हवं, श्रीखंडासारखं. साल नको, कण नको. ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे, छोटा चमचा. घास चुकून श्वासनळीत गेला तर फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. तिनं दहा गोष्टी सांगितल्या. चाचांनी एवढी शेवटचीच ऐकली.

तेव्हापासून त्या घरात जेवणाची वेळ म्हणजे परीक्षेची घंटा. चाचा नाचणीची खीर करायचे, गाळायचे, पुन्हा गाळायचे. पहिला चमचा पुढे न्यायच्या आधी त्यांच्या कपाळावर घाम. चाची चमचाभर घ्यायच्या आणि ओठ मिटायच्या. दुसऱ्या दिवशी दोन चमचे, तिसऱ्या दिवशी एकही नाही. गालाची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरलं तर नळी पुन्हा घालावी लागेल.

त्या दिवसांत चाची एक शब्द बोलायला लागल्या. "पाव... पाव..." असं काहीतरी. चाचा मला म्हणाले, "पाणी मागतेय."

मी चाचींकडे पाहिलं. त्यांनी डोळे असे फिरवले की तोंडानं बोलत्या तर नवऱ्याची धडगत नव्हती.

"चाचा, त्या पावटे म्हणतायत."

चाचा हळूच म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, ताई. पावट्याला साल असते. गोश्ताला हाड असतं. मी माझ्या हातानं तिला..." न दिलं तर त्या झिजून जाणार होत्या, आणि दिलं तर काय होईल ते सांगता येत नव्हतं. दोन्ही बाजूंनी तोच चमचा, आणि तो धरायचा होता पेरूच्या बीला घाबरणाऱ्या माणसानं.

चाचांनी व्यायाम शिकवणाऱ्या त्या मुलीला फोन केला. एकच प्रश्न चार प्रकारे विचारला. ती म्हणाली, गुळगुळीत झालं तर हरकत नाही. दोन-चार चमचे द्या, खोकला आला की थांबा, आणि आवाज घरघरल्यासारखा आला तर लगेच कळवा. फोन ठेवून चाचा म्हणाले, "रविवारी येऊन बसा. तुम्ही काही करू नका. नुसत्या बसा. मला एकट्याला नाही जमणार."

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा ते ओट्यापाशी पावटे सोलत होते. भिजलेला एकेक पावटा चिमटीत दाबून साल काढायची, मग दाणा उजेडात धरून बघायचा. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे, पण माझा माझ्यावरही नाही. राहू द्या."

मटण त्यांनी बिनहाडाचं आणलं होतं. पण हाडाशिवाय रश्शाला चव येत नाही आणि चाची ते पहिल्या चमच्याला ओळखतील, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी मलमलची एक पिशवी शिवली होती. दुहेरी शिवण, तोंडाला दोरी. वेगळ्या आणलेल्या हाडांच्या नळ्या त्या पिशवीत बांधून पातेल्यात सोडल्या, म्हणजे हाडाचा रस उतरेल आणि हाड आतच राहील. ताडपत्री शिवणाऱ्या त्या जाड बोटांनी मलमल कशी धरली असेल, देव जाणे.

कुकर अर्थातच नव्हता. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून, मंद आचेवर सगळं रटरटत राहिलं. दुपार होत आली तसा खोबऱ्याचा आणि कांद्याचा वास घरभर झाला. आतल्या खोलीत चाचींनी मान वळवली. कित्येक दिवसांत त्यांनी आपण होऊन केलेली ती पहिली हालचाल होती.

पिशवी काढली. उरलेलं मिक्सरमधून फिरवलं, गाळणीतून दोनदा घासलं. मग चाचांनी बाही वर केली आणि त्या लगद्यात बोटं घालून चाचपायला लागले. डोळे मिटलेले. एकाएकी बोटं थांबली. बाहेर काढली तर टोकावर हाडाची कपची होती, तांदळाच्या कणीएवढी. खाटकाच्या सुऱ्याखाली उडून मांसाला चिकटून आलेली.

चाचा भिंतीला टेकून खालीच बसले. "बघितलं? दोनदा गाळलं. दोनदा! फेकून देतो सगळं. नाही जमणार. नळी तर नळी."

फेकून द्या, हेच शब्द माझ्याही ओठांवर होते. तेवढ्यात आतून आवाज आला. ठण्, ठण्, ठण्. चाची डाव्या हातानं स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटत होत्या. विनवणी नव्हती ती. दटावणं होतं.

चाचा उठले. मलमलचा उरलेला तुकडा वाटीवर ताणून बांधला आणि सगळा लगदा त्यातून चमच्या-चमच्यानं गाळला. वाटीत उतरलं ते तपकिरी, घट्ट, तकतकीत. त्यातलं थोडं त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिलं, मग माझ्या बोटांवर ठेवलं. "तुम्ही बघा." मी चोळलं. काही लागलं नाही.

चाचींना ताठ बसवलं, मागे उशा लावल्या. पहिला चमचा. त्यांचा गळा वर गेला आणि खाली आला. आम्ही दोघं त्या गळ्याकडे असे बघत होतो की आमचाच श्वास बंद. दुसरा चमचा. तोही गेला. तिसऱ्याला चाचींचे डोळे मोठे झाले आणि खोकला फुटला.

साधा खोकला नव्हता तो. चेहरा लाल झाला, मग काळसर. मी फोन उचलला. अँब्युलन्सचा नंबर दाबायला लागले. खरं सांगायचं तर मला वाटलं, चाचा आता दार उघडून जिन्यात जातील. ते गेले नाहीत. त्यांनी चाचींना पुढे झुकवलं, एक हात छातीशी, एक पाठीवर, आणि कानाशी सारखं म्हणत राहिले, "खाँस. और खाँस. मैं हूँ." त्यांचे गुडघे लटलट कापत होते, ते मला दिसत होतं. हात मात्र हलत नव्हते.

खोकला ओसरला. एक लांब श्वास आत गेला. चाचांनी त्यांचा चेहरा आपल्याकडे वळवला. "बोल. कुछ तो बोल." आवाज साफ आहे की घरघरतोय, ते त्यांना ऐकायचं होतं.

चाचींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. जीभ जुळवली आणि म्हणाल्या, "नमक."

स्वच्छ आवाज होता. चाचांनी विचारलं, "कम है?" चाचींनी डोळे मिटून हो म्हणून मान हलवली. मीठ घालायला ते स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. नळ सोडल्याचा आवाज येत राहिला. परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता. चाचींनी तोंड उघडलं. त्या दिवशी आणखी काही चमचे गेले.

आता तुम्हाला वाटेल, त्या रविवारनंतर चाचा धीट झाले. मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते चाचींच्या कपाळाला हात लावून ताप बघत होते. पुढच्या रविवारी पुन्हा तेच पावटे सोलणं, तीच पिशवी, तोच घाम. तिसऱ्या, चौथ्या रविवारीही तेच. त्यांनी प्रत्येक चमचा पहिल्यासारखा भीत-भीतच भरवला. पण भरवला. चाचींच्या गालावर मांस आलं. नळीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

चाची त्यानंतर वर्षभराहून अधिक जगल्या. एका पहाटे झोपेतच गेल्या. पक्षाघाताचा झटका दुसऱ्यांदा आला होता. डॉक्टर आले तेव्हा चाचांनी त्यांना एकच विचारलं, "घशात काही अडकलं नव्हतं ना?" डॉक्टर म्हणाले, नाही. चाचांनी मान डोलावली. डॉक्टर जिना उतरायला लागले तेव्हा त्यांच्या मागे जाऊन पुन्हा विचारलं, "नक्की ना, साहेब?"

मग मला चाचांची भीती वाटायला लागली. म्हणजे त्यांच्यासाठी. दार सताड उघडं ठेवून ते झोपायचे. लिफ्टनं एकटे वर-खाली करायचे. शिळं असेल, काय असेल ते उभ्या-उभ्या गिळायचे. एकदा स्वारगेटला मी सिग्नलपाशी उभी होते. समोरून गाड्या सुटलेल्या, आणि त्यांच्या मधून चाचा चालत येत होते. ना डावीकडे बघणं, ना उजवीकडे. एक बस करकचून थांबली, ड्रायव्हरनं खिडकीतून शिवी घातली. चाचांना ती ऐकू आली की नाही, कोण जाणे.

मी त्यांचं मनगट धरलं. "चाचा, अहो, बघून तरी चालायचं!"

"बघितलं असतं तर थांबलो असतो," ते म्हणाले. "थांबून करायचं काय, ताई?"

घरी आल्या-आल्या मी त्यांच्या मुलीला सोलापूरला फोन केला. ती त्याच आठवड्यात आली. चाचांनी वाद घातला नाही. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून वाद घालणारा माणूस, मुलीनं सांगितलं तशी बॅग भरून निघाला. मुलीनं दुकानाची किल्ली कुणाला दिली, तेही त्यांनी विचारलं नाही. मी गॅलरीत उभी राहिले. मुलीनं त्यांना रिक्षात आतल्या बाजूला बसवलं, आपण कडेला बसली आणि हात आडवा धरला. रिक्षा स्वारगेटच्या रस्त्याला वळली.

पुढची सगळी दुपार मी फोन हातात घेऊन बसले होते. गाडी कुठं आली असेल, उतरताना कुणी हात धरला असेल का, हेच डोक्यात. संध्याकाळी मुलीचा फोन आला, पोचलो म्हणून. मी विचारलं, "नक्की ना?"

मग मी जेवायला बसले.