पप्पांचं मास्टर सॅम्पल

आज सकाळी पप्पा गेले. जातानाही पुरावा मागूनच गेले!

जालन्याहून सुरतला आलेला माणूस. तीस वर्षं पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कलर मास्टर.

तिथे त्यांचा एकच हट्ट. लॉट रंगून आला की कापड खिडकीच्या उजेडात न्यायचं आणि पार्टीच्या मूळ सॅम्पलशीच लावून बघायचं. मागच्या लॉटशी नाही.

"चालशे ने, मास्टर! एवढं चालतं," सगळे वैतागायचे.

"मागचा बघून पुढचा रंगवला, तर दहाव्या लॉटला लालाचा गुलाबी होतो," पप्पा म्हणायचे.

रविवारी उधन्याला आमच्या खोलीत प्रार्थना. तिथेही तेच. कुणी छातीठोक काही बोललं की पप्पा विचारणार, "कुठे लिहिलंय?"

चर्चचे पाळकसाहेबसुद्धा सुटले नाहीत.

पण एक गोष्ट त्यांनी स्वतः कधीच तपासली नव्हती.

माझा डावा पाय जन्मापासून वाकडा. सभेत साक्ष द्यायला उभे राहिले की दर वेळी पप्पा रडत सांगायचे, "मी दारू प्यायचो, त्याची शिक्षा देवानं माझ्या पोरीला दिली."

सगळे माझ्या पायाकडे बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी नववीत होते. एका रविवारी भर सभेत उठले.

"पप्पा, कुठे लिहिलंय?"

मम्मीनं कपाळावर हात मारला.

मी बायबलमधला योहानाचा नववा अध्याय उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला. जन्मापासूनचा आंधळा माणूस. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू सांगतो, कुणाचंच नाही.

पप्पांनी दोनदा वाचलं. मग उभे राहिले.

"गावाकडे जे ऐकलं तेच पुढे सांगत आलो. मागच्या लॉटशी मॅच करत होतो मी. माझं चुकलं. शास्त्र बरोबर आहे."

आणि सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. बाप असून!

त्या दिवसापासून मी कुणापुढे पाय लपवला नाही.

आज सकाळी त्यांचा श्वास जड झाला. मी म्हटलं, "पप्पा, घाबरू नका. तिथे तुमची जागा तयार आहे."

ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून म्हातारा म्हणतो कसा,
"कुठे लिहिलंय?"

"योहान, चौदावा."

"उघडून दाखव."

पुस्तक खिडकीच्या उजेडात धरलं. 'मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो' या येशूच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, कापडावर ठेवायचे तसंच. मग हसले.

"शेड ओके."

शेवटचं तेवढंच बोलले.

रडतेय मी, खोटं कशाला सांगू? पण हरलो नाही आम्ही. मरण हरलंय.

कुठे लिहिलंय म्हणून कुणीही विचारा. उघडून दाखवीन.

या पप्पा. भेटूच.